बाइकचा मीटर बिघडलाय? कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

पाऊस लागला की श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात: पेट्रोलचा काटा पडला, स्पीडोमीटर थांबला, काचेत पाणी दिसतंय. वेगवेगळ्या गाड्यांवरचे हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. किनाऱ्यावरच्या गाडीत मीटर स्वतः क्वचितच जातो. बिघाड बहुतेक वेळा कपलरात (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात), अर्थिंगमध्ये (फ्रेमला जोडलेल्या परतीच्या वायरीत), केबलमध्ये नाहीतर टाकीतल्या फ्लोटमध्ये असतो. मीटर ही यातली सगळ्यात महाग वस्तू, म्हणून तिच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. गॅरेजवाला गाडीकडे नुसतं बघून "मीटर बदलावा लागेल" म्हणाला, तर प्रश्न २ मधली तपासणी त्याच्यासमोरच करायला सांगा.

१. पेट्रोलचा काटा मुळात चालतो कसा?

घरावरच्या पाण्याच्या टाकीत नळ बंद करणारा फ्लोट असतो ना, तसाच एक छोटा फ्लोट पेट्रोलच्या टाकीत असतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली येतो. त्याच्या दांडीचं दुसरं टोक एका काळ्या पट्टीवर सरकतं आणि त्यामुळे विजेला होणारा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, बदलतो. मीटर तो रेझिस्टन्स वाचून काटा हलवतो किंवा डिजिटल असेल तर दांड्या कमीजास्त करतो. थोडक्यात, टाकीतला फ्लोट, मधली वायर आणि वरचा मीटर हे तीनच भाग आहेत. पुढचं सगळं शोधकाम यातला कोणता गेला एवढ्यापुरतंच असतं.

२. टाकी फुल केली तरी काटा रिकाम्यावरच पडून आहे. मीटर गेला का?

तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण तपासणी सोपी आहे. टाकीच्या खालच्या बाजूने दोन-तीन वायर बाहेर येऊन एका कपलरात जातात. बऱ्याच गाड्यांत तो सीट काढली की दिसतो, काहींत टाकीचे बोल्ट सोडून ती थोडी उचलावी लागते. आधी आजूबाजूला पेट्रोलचा वास किंवा गळती नाही याची खात्री करा. काम अंगणात करा, पडवीत चुलीजवळ नको. वीज गेली म्हणून मेणबत्ती लावून तर अजिबात नको.

चावी बंद ठेवून कपलर सोडवा. मग चावी चालू करून काटा बघा. नंतर चावी पुन्हा बंद करा, गाडीच्या वायरिंगकडच्या कपलरातल्या दोन पिना वायरच्या छोट्या तुकड्याने जोडा आणि दोन-तीन सेकंदांपुरती चावी चालू करा. कपलर सुटा असताना काटा एका टोकाला आणि पिना जोडल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठणठणीत आहेत. दोष फ्लोटमध्ये आहे. कोणत्या वेळी फुल आणि कोणत्या वेळी रिकामा दाखवेल हे मॉडेलप्रमाणे उलटसुलट असतं, त्याची चिंता नको. काटा दोन्ही टोकांना जातो का, एवढंच बघायचं.

काटा जागचा हललाच नाही, तर हीच तपासणी मीटरच्या मागच्या कपलरावर करा. तिथे हलला तर मधली वायर तुटली आहे किंवा कुठेतरी कुजली आहे. हँडलच्या मानेपाशी, जिथे वायरिंग डावी-उजवीकडे सतत वाकतं, तिथे आधी शोधा. तिथेही हलला नाही तर मीटरपर्यंत १२ व्होल्ट आणि चांगली अर्थिंग पोहोचते का ते मोजा. पोहोचत असेल आणि तरीही काटा मेलेला असेल, तेव्हाच मीटर गेला म्हणायचं.

कपलरात चार किंवा जास्त पिना असतील तर अंदाजाने जोडाजोडी करू नका. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) बऱ्याच गाड्यांत त्यातल्याच काही पिना पेट्रोल पंपाच्या असतात. तिथे वायरिंगचा नकाशा हवा, किंवा ज्याला ती गाडी माहीत आहे असा माणूस.

३. फुल ते अर्ध्यापर्यंत काटा नीट येतो, मग एकदम पडतो, पुन्हा वर येतो. असं का?

फ्लोटची काळी पट्टी मधेच झिजली आहे. माणूस बहुतेक वेळा अर्ध्या टाकीच्या आसपासच गाडी चालवतो, त्यामुळे दांडी त्याच भागावर जास्त घासते. खात्री करायची तर टाकी रिकामी करून, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून फ्लोट बाहेर काढा. दांडी वाकू देऊ नका, कारण थोडी वाकली तरी काटा कायमचा खोटं बोलू लागतो. मल्टीमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या खुणेवर, ठेवून दांडी सावकाश वर-खाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे. मधे कुठे उडी मारली किंवा गायब झाला की पट्टी संपली. पट्टीवर नुसता मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काम होतं. घासकागद लावायचा नाही.

फ्लोट हातात आहे तोवर कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटला आहे. तो तरंगणार नाही आणि काटा कायम रिकाम्यावर राहील. परत बसवताना रबरी ओ-रिंग नवीन घाला. जुनी फुगलेली असते आणि ती गळू लागली तर पेट्रोल थेट गरम इंजिनवर पडतं.

४. फुल ते अर्धं व्हायला आठवडा लागतो आणि अर्ध्यावरून रिझर्व्हला दोन दिवसांत. काटा खराब आहे?

नाही. बाइकची टाकी चौकोनी डबा नसते. ती फ्रेमवर दोन्ही बाजूंनी बसलेली असते, वर रुंद आणि खाली अरुंद. वरच्या एका इंचात जेवढं पेट्रोल मावतं तेवढं खालच्या इंचात मावत नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत टाकी गळ्यापर्यंत भरली की फ्लोट वरच टेकलेला असतो, त्यामुळे पहिलं लिटर-दीड लिटर जळेपर्यंत काटा हलतच नाही.

५. साइड स्टँडवर काटा वेगळा, मेन स्टँडवर वेगळा. आंबा घाट चढताना तर फुलच होतो!

हेही नैसर्गिक आहे. गाडी कलंडली की पेट्रोल एका बाजूला जातं आणि फ्लोट त्या बाजूला असेल तर वर उचलला जातो. घाटात चढ-उतारानुसार तेच होतं. काटा वाचायचा तो सपाट जागी, गाडी सरळ उभी करून, चावी चालू केल्यावर थोडं थांबून. नवीन मीटर मुद्दाम संथ ठेवलेले असतात, नाहीतर आपल्या रस्त्यांवर काटा दिवसभर नाचला असता. त्यामुळेच पंपावर चावी चालू ठेवून पेट्रोल भरलं तर काही डिजिटल मीटरना वाढलेली पातळी दाखवायला काही मिनिटं लागतात. चावी बंद करूनच भरा, तसंही नियमाने बंदच हवी.

६. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटाही त्याच्या तालावर हलतो. हे काय भूत आहे?

अर्थिंगचं भूत. इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न आणि मीटर यांची परतीची वायर फ्रेमवर एकाच ठिकाणी जोडलेली असते. तिथला बोल्ट गंजला की विजेला परत जायला धड वाट राहत नाही. मग ती मिळेल त्या दिशेने घुसते आणि मीटर गोंधळतो. हेडलाइट लावल्यावर काटा खाली येणं हे याच दुखण्याचं दुसरं लक्षण.

उपाय फुकटचा आहे. अर्थिंगचा बोल्ट बहुतेक गाड्यांत टाकीखाली, हेडलाइटच्या मागे किंवा बॅटरीजवळ सापडतो. तो सोडवा, वायरचं कडं आणि फ्रेमची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. फ्रेमला नवीन रंग मारून आणला असेल आणि त्यानंतर हे सुरू झालं असेल, तर दुसरीकडे शोधूही नका. रंग बोल्टखाली गेला आहे.

७. घाटावरच्या मित्राची हीच गाडी आठ वर्षं ठीक आहे, माझ्या मालवणातल्या गाडीचा मीटर तिसऱ्यांदा गेला. किनाऱ्यावर असं काय आहे?

मीठ आणि ओल, दोन्ही एकत्र. लाटा फुटताना उडणारे खारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि प्रत्येक कपलरात मिठाचा पातळ थर बसतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे उन्हाळ्यातही तो थर पुरता सुकत नाही. वर कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस. तांब्यावर हिरवट थर चढतो, पिनेवरचा मुलामा जातो आणि जोड दिसायला घट्ट असला तरी वीज अडखळते. मीटरला लागणारा प्रवाह फार थोडा असतो, म्हणून इतर दिवे व्यवस्थित चालू असताना मीटर आधी बोंब मारतो. त्यामुळे तुमचे आधीचे दोन मीटर खरंच गेले होते का, याचीही मला शंकाच आहे.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास, एवढं करा: चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. मीटरमागचा, टाकीखालचा आणि हेडलाइटच्या डूममधला कपलर उघडा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण सुकू द्या. कपलरच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावा. ते मिळालं नाही तर व्हॅसलीन चालेल, पण बोटाच्या टोकावर येईल एवढंच. आत कोंबून भरायचं नाही.

खोबरेल तेल लावू का, हे दर वेळी कुणीतरी विचारतं. घरात पिंपभर असलं तरी नको. सुरुवातीला छान दिसतं, मग धूळ धरतं, चिकट होतं आणि थंडीत गोठतं. लिंबू आणि कोकमही नको. आंबटाने तांबं चकाकतं खरं, पण तेच आंबट आत राहून पुढे पिना खातं.

८. मीटरच्या काचेत वाफ धरते. काच उघडून पुसू का?

सकाळी धुकं धरून उन्हात तासाभरात जात असेल तर सोडून द्या. मीटर पूर्ण हवाबंद नसतो. आत-बाहेरचं तापमान बदललं की हवा आत-बाहेर होते आणि पावसाळ्यात त्या हवेबरोबर वाफ जाते. दिवसभर थेंब दिसत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल, तर मात्र कुठेतरी फट आहे. काच आणि बॉडीचा सांधा, मागचे स्क्रू, ट्रिपमीटरचं (शून्य करता येणाऱ्या किलोमीटरच्या आकड्याचं) बटण आणि केबल शिरते तिथलं रबर, या क्रमाने बघा.

जुन्या, स्क्रूच्या मीटरची काच उघडता येते. हलक्या हाताने पुसा, काट्याला धक्का लावू नका. नव्या डिजिटल मीटरची काच बऱ्याचदा चिकटवलेली असते, ती घरी खरवडण्यात अर्थ नाही. अशा वेळी मीटर काढून तांदळाच्या डब्यात ठेवण्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर जवळ धरला तर प्लास्टिक वाकतं. सांध्यावर सिलिकॉन लावायचं असेल तर आतलं पाणी पूर्ण सुकल्यावरच, आणि मागचं श्वासाचं छोटं भोक असेल तर ते बुजवू नका.

९. पावसात मीटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवतो. बरोबर आहे ना?

गाडी धुताना किंवा धो धो पावसात अर्धा तास, बरोबर. चार महिने कायमची, चूक. पिशवीखाली ओल अडकून राहते, बाहेर ऊन पडलं तरी आत पावसाळाच. त्यापेक्षा गाडी छपराखाली आणि वाऱ्याला उभी करा. सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशरचा फवारा मीटरवर थेट मारू नका, हे तिथल्या पोराला आधीच सांगा.

१०. स्पीडोमीटरचा काटाही शून्यावर आणि किलोमीटरही पडत नाहीत. कुठून सुरुवात करू?

पुढच्या चाकातून वर जाणारी काळी केबल दिसत असेल तर तिच्यापासून. दिसत नसेल तर तुमची गाडी सेन्सरची आहे, प्रश्न १३ वर जा.

केबलचं वरचं टोक मीटरमागे हाताने फिरवता येईल अशा नटाने बसवलेलं असतं. ते सोडवा. गाडी मेन स्टँडवर घ्या, एकाला मागे दाबायला सांगा आणि पुढचं चाक पुढच्या दिशेने फिरवा. केबलची आतली तार फिरते का बघा. फिरत असेल तर केबल आणि चाकाकडची गरारी ठीक आहे, दोष मीटरमध्ये आहे. फिरत नसेल तर तार बाहेर ओढा. बहुतेक वेळा ती टोकाशी, चौकोनी भागाजवळ तुटलेली सापडते. नवीन केबल स्वस्त असते आणि घरी बसवता येते. तार अखंड निघाली तर हबमधला मीटर पिनियन, म्हणजे तीच चाकाकडची गरारी, संपला आहे. तो बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, त्यात वाळू आणि पाणी गेलं की दाते गुळगुळीत होतात.

पुढच्या चाकाचं पंक्चर काढून आणल्यावर त्याच दिवशी मीटर बंद पडला असेल, तर केबलला हात लावण्याआधी हब बघा. चाक परत बसवताना पिनियनच्या पत्र्याचे दोन कान हबमधल्या खाचेत बसले नाहीत की हे होतं. वर ॲक्सल आवळला की ते कान वाकतात किंवा तुटतात. पंक्चरवाला बिचारा घाईत असतो, म्हणून चाक बसवल्यावर तिथेच फिरवून काटा हलतो का बघून घ्या.

११. काटा ४० वर स्थिर राहत नाही, ३० ते ५० असा थरथरतो. सोबत टकटक आवाजही येतो.

केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी जास्त वाकली आहे. आतली तार अडकते, पीळ खाते, मग झटक्याने सुटते. तो झटका काट्यावर दिसतो. केबलचा मार्ग बघा, हँडल पूर्ण वळवल्यावर ती ताणली जाता कामा नये. तार बाहेर काढून पुसा, पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडची वरची दोन-तीन इंच कोरडी सोडा. तिथे लावलेलं ग्रीस फिरता फिरता वर चढतं आणि मीटरमध्ये जाऊन काटा कायमचा जड करतं. कोकणात बंद पडलेले कितीतरी चांगले मीटर या जादा ग्रीसचे बळी असतात.

१२. किलोमीटर पडतात, पण काटा शून्यावर. याचं उलटही होतं का?

दोन्ही होतं, आणि दोन्ही वेळा केबल निर्दोष असते. केबलच्या मीटरमध्ये काटा आणि केबल यांचा थेट सांधाच नसतो. केबल एक चुंबक फिरवते, ते चुंबक शेजारच्या ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्या वाटीला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. किलोमीटरचे आकडे मात्र दात्यांच्या चाकांवर फिरतात. म्हणून काटा मेला आणि आकडे जिवंत असतील तर वाटी, स्प्रिंग किंवा गंज; काटा जिवंत आणि आकडे मेले असतील तर आतली प्लास्टिकची गरारी. गाडी उभी असताना काटा १०-२० वर राहत असेल तर स्प्रिंग थकली आहे. हे काम घड्याळजीच्या हाताचं. मोठ्या गावात जुने मीटर दुरुस्त करणारे अजून सापडतात, आधी तिथे विचारा.

१३. माझ्या गाडीला केबलच नाही. वेग दिसत नाही आणि एबीएसचा दिवाही लागून राहतो.

दोन्ही एकत्र असेल तर चाकाजवळचा सेन्सर बघा. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या मीटरला वेगही त्याच सेन्सरवरून देतात. डिस्कजवळ खाचा असलेली गोल रिंग असते, तिच्यासमोर सेन्सरचं टोक. त्यावर लाल मातीचा चिखल, वाळू किंवा ब्रेकची लोखंडी पूड बसली की वाचन चुकतं. ओल्या फडक्याने पुसा, वायर कुठे घासली आहे का बघा, कपलर प्रश्न ७ प्रमाणे साफ करा. सेन्सर आणि रिंगमधली फट कंपनीने ठरवलेली असते, ठोकून किंवा वाकवून बसवू नका.

चावी चालू केल्यावर एबीएसचा दिवा लागणं आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझणं हे नेहमीचं आहे. चालत्या गाडीत तो लागूनच राहिला, तर ब्रेक लागतात पण एबीएस नाही असं समजून ओल्या रस्त्यावर चालवा.

१४. मोबाइलचा जीपीएस ५५ म्हणतो आणि मीटर ६०. कोण खोटं बोलतंय?

मीटर, आणि तेही मुद्दाम. खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला मीटरला परवानगी नसते, म्हणून कंपन्या तो थोडा जास्त दाखवेल असाच बनवतात. फरक याहून बराच मोठा असेल किंवा मीटर कमी दाखवत असेल, तर टायर बघा. ज्या चाकावरून वेग मोजला जातो त्याचा घेर २ टक्क्यांनी वाढवला, तर मीटर तेवढाच कमी दाखवतो आणि किलोमीटरही कमी पडतात. गिअरबॉक्सवरून वेग घेणाऱ्या गाडीत मागचं चाक किंवा स्प्रॉकेट बदललं तरी हाच परिणाम. तुलना करायची तर महामार्ग ६६ च्या सरळ, सपाट पट्ट्यावर एकाच वेगाने थोडा वेळ जाऊन करा, आणि मोबाइल बघायला मागे कुणीतरी बसवा. भोस्ते घाटाच्या वळणांवर, झाडीखाली जीपीएसही मागे-पुढे करतो.

१५. सेल्फ मारला की डिजिटल मीटर विझतो, घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

बॅटरी किंवा तिचं टर्मिनल. सेल्फ फार मोठा प्रवाह ओढतो, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं आणि मीटर झोपतो. आधी टर्मिनल सोडवून पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सुकवा, घट्ट करा. मग मोजा: रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १० च्या वर, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या दरम्यान. चालू गाडीत आकडा १५ च्या पुढे जात असेल तर लगेच थांबा, बॅटरीला जाणारं व्होल्टेज आवरणारा रेक्टिफायर गेला आहे. त्याला तसंच ठेवलं तर तो मीटरही खरोखरच जाळेल.

१६. गाडी गावी असते. गणपतीला आलो तर मीटर पूर्ण काळा. काय करू?

आधी फ्यूज. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवीन घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घालण्याची जुनी युक्ती इथे वापरली तर पुढच्या खेपेला वायरिंग जळेल. नवीन फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर उघडी पडली आहे, आणि पडवीत महिनोन्महिने उभ्या गाडीत तो पराक्रम उंदराचा असतो. सीट आणि टाकी काढा. भाताची तुसं, कापसाचं घरटं आणि कुरतडलेली वायर एकाच जागी सापडते.

मुंबईला परतताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा आणि शेजाऱ्याला पंधरवड्यातून एकदा ती जोडून गाडी चालवायला सांगा. टाकी रिकामी ठेवू नका. रिकाम्या टाकीतली दमट हवा रात्री थंड होते, पत्र्याला पाणी सुटतं आणि टाकी आतून गंजते. तो गंज मग फ्लोटच्या दांडीवर आणि फिल्टरमध्ये जातो.

१७. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे काटा बिघडतो का?

थेट नाही, पण हातभार लागू शकतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, नेमके फ्लोटच्या जोडापाशी. रोज चालणाऱ्या गाडीत ही वेळ येत नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीत आणि झाकणाचं रबर फाटलेल्या गाडीत येते. जुन्या गाड्यांच्या ओ-रिंग त्यामुळे लवकर फुगतात, हेही खरं. पावसाळ्यापूर्वी टाकीचं झाकण आणि त्याखालची पाणी वाहून नेणारी बारीक नळी बघा. ती चिखलाने तुंबली तर पावसाचं पाणी सरळ टाकीत उतरतं.

१८. काटा बंद आहे, दुरुस्तीला वेळ नाही. तोवर गाडी चालवू का?

पेट्रोलचा काटा असेल तर चालवा, ट्रिपमीटरच्या भरवशावर. टाकी फुल करून ट्रिप शून्य करा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना किती लिटर मावलं ते बघा, म्हणजे तुमच्या रस्त्यावरचं खरं ॲव्हरेज कळेल. ८ लिटरच्या टाकीत ४५ चं ॲव्हरेज असेल तर २५० किलोमीटरला पंप गाठायचा, ३५० ची वाट बघायची नाही. सागरी महामार्गावर दोन पंपांमधलं अंतर कधी कधी बरंच असतं आणि घाटात ॲव्हरेज पडतं.

इंजेक्शनच्या गाडीत आणखी काळजी. तिला रिझर्व्हचा कॉक नसतो आणि टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी केली तर पंप जातो, आणि तो फ्लोटपेक्षा कितीतरी महाग असतो. स्पीडोमीटर बंद असेल तर मात्र ते रेंगाळत ठेवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तो गाडीला हवाच.

१९. रोज दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जातो. वेगळी काळजी घ्यावी का?

हो. भरतीच्या वेळी रॅम्पवर चाकं खाऱ्या पाण्यात जातात आणि पुढच्या हबमधला पिनियन किंवा सेन्सर नेमका तिथेच असतो. घरी आल्यावर दोन तांबे गोडं पाणी पुढच्या हबवर ओता, प्रेशर नको. जयगड-तवसाळ आणि वेसवी-बागमांडले वापरणाऱ्यांनाही हेच. मासळीच्या पेट्या बांधणाऱ्यांनी मागचा भागही धुवावा. बर्फ वितळून गळणारं ते पाणी खारंच असतं आणि सीटखालच्या कपलरांवर ठिबकतं. आणि मुरुड-कर्द्याच्या पुळणीवर गाडी पळवायची हौस असेल, तर नवीन मीटर पिनियन आधीच आणून ठेवा.

२०. पुरात गाडी हँडलपर्यंत बुडाली. मीटर वाचेल का?

वाचू शकतो, चावी फिरवली नाही तर. २०२१ च्या २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या अशाच बुडाल्या होत्या. ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की पिना काही वेळातच खाल्ल्या जातात. बुडून वाळलेल्या मीटरला आशा असते, बुडून चालू केलेल्याला फार कमी. आधी बॅटरी काढा. मीटर काढून स्वच्छ गोड्या पाण्याने गाळ धुवा, कारण गाळ सुकला की निघत नाही. मग सावलीत, वाऱ्याला चार-पाच दिवस. सगळे कपलर उघडे ठेवा. कपलर साफ केल्याशिवाय बॅटरी जोडू नका. इंजिनात पाणी गेलं असण्याची शक्यता असेल तर किकही मारायची नाही, तो वेगळा विषय आहे. विमा असेल तर धुण्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवा.

२१. सगळं तपासलं, मीटरच गेला आहे. जुन्या बाजारातला बसवला तर किलोमीटरचं काय?

जुन्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर असतात आणि नवीन मीटर शून्यापासून सुरू होतो. दोन्ही चालतं, लपवलं नाही तर. काढण्यापूर्वी जुन्या मीटरवरच्या आकड्याचा फोटो घ्या. डिजिटल मीटर पूर्ण काळा असेल तर शेवटच्या सर्व्हिसिंगच्या बिलावरचा आकडा धरा. बदलल्याची तारीख, जुना आकडा आणि नवा आकडा बिलावर लिहून घ्या आणि ते बिल गाडीच्या कागदांत ठेवा. गाडी विकताना ते दाखवा. आकडा मागे फिरवून देणारे भेटतात, पण ती गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक आहे. शिवाय पुढच्या सर्व्हिसिंगचा हिशोबही चुकतो.

डिजिटल मीटर घेताना फक्त कपलर जुळतो म्हणून घेऊ नका. एकाच मॉडेलच्या कार्ब्युरेटर आणि इंजेक्शनच्या गाड्यांचे मीटर दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे असू शकतात, आणि फ्लोटचा रेझिस्टन्सही वेगळा. जुना मीटर तुमच्या गाडीवर लावून पेट्रोलचा काटा, वेग, इंडिकेटर, न्यूट्रल आणि इंजिनचा दिवा, सगळं चालतंय हे बघा आणि मगच पैसे द्या.